हंस बुडी मारत नाही, असं नेमकं कोण म्हणालं?

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायला बसलोय, अशा अर्थाचे मेल मला महिन्याला चार-पाच तरी येतात. सोबत मसुदा जोडलेला असतो आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं: ‘या विषयावर आजवर संशोधन झालेलं नाही.’ मी उलट एवढंच विचारते, की हे तुम्ही कुठे, कधी आणि कोणता शब्द टाकून शोधलंत? बहुतेकांना राग येतो. मलाही आला असता. म्हणून आज तो प्रश्न तुमच्या मसुद्याला न विचारता एका पक्ष्याबद्दलच्या समजुतीला विचारूया. समजूत अशी, की रानातले हंस पोहतात, पण बुडी मारत नाहीत.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. मराठीत हंस म्हटलं की डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचा पांढराशुभ्र, लांब मानेचा पक्षी येतो. तो इंग्रजांचा स्वान. मी बोलतेय ते गूज या पक्ष्यांबद्दल. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा पट्टकादंब हा त्यातलाच, आणि कलहंस हाही त्यातलाच. खाली हंस म्हणेन तेव्हा हे पक्षी समजा.

आता माझी फजिती. मी इतिहासाची विद्यार्थिनी. पक्ष्यांचा अभ्यास कसा घडत गेला हा माझ्या प्रबंधाचा विषय. जुन्या निरीक्षकांच्या वह्या वाचून वाचून एकदा वाटलं, की अशी वही लिहितात कशी ते स्वतः करून पाहावं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत काही पक्षीमित्रांबरोबर पैठणला नाथसागरावर गेले. सकाळी ऊन चढल्यावर काठाजवळ पट्टकादंबांचा एक थवा आंघोळ करत होता. डोकं पाण्यात घालायचं, पाणी पाठीवर उडवायचं, पंख आपटायचे, असा दंगा चालला होता. त्यातला एक चक्क पोट वर करून उलटा झाला, सरळ झाला आणि मग पूर्ण पाण्याखाली गेला. दोन-तीन सेकंदांनी थोड्या अंतरावर वर आला. मी वेळ लिहिली, किती पक्षी होते ते लिहिलं, काय पाहिलं ते लिहिलं. संध्याकाळी वह्या एकत्र वाचताना आमच्यातले एक जाणते गृहस्थ म्हणाले, “हंस बुडी मारत नाही हो. मध्ये एखादा पाणकावळा शिरला असेल. खोडा ते.” मी खोडलं. तेही एक रेघ मारून नाही. पहिल्या इयत्तेतल्या मुलासारखं गिचमिड करून. आज ती वेळ वाचता येत नाही, पक्ष्यांचा आकडाही वाचता येत नाही.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. ते म्हणाले त्याला आधार होता. हंस हा मुळात चरणारा पक्षी. गवत, कोंब, धान्य, मुळं हे त्याचं खाणं. त्याचे पाय शरीराच्या साधारण मध्यावर असतात, म्हणून तो जमिनीवर बदकापेक्षा ऐटीत चालतो. पाणडुबीसारख्या खऱ्या बुड्या मारणाऱ्या पक्ष्याचे पाय पार मागे, शेपटीपाशी असतात. पाण्याखाली ते वल्ह्यासारखे चालतात, पण जमिनीवर त्याची तारांबळ उडते. हंसाला उथळ पाण्यातलं काही हवं असेल तर तो शेपटी वर, डोकं खाली असा उभा कलतो आणि लांब मानेने तळ गाठतो. पोटासाठी बुडी मारायची त्याला गरजच पडत नाही. पाणपक्ष्यांची पुस्तकं बदकांचे पृष्ठभागावर चरणारी आणि बुडी मारणारी असे दोन गट करतात, तेही खाणं मिळवण्याच्या रीतीवरूनच. हंस अर्थातच बुडी मारणाऱ्यांत बसत नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर आहे. घोटाळा पुढे होतो. ‘हंस अन्नासाठी बुडी मारत नाही’ या वाक्यातला ‘अन्नासाठी’ हा शब्द केव्हातरी गळून पडतो आणि उरलेलं वाक्य नियम म्हणून हातोहात फिरू लागतं.

शरीर पाहून सवय ओळखता येते का, हा प्रश्न डार्विनलाही पडला होता, आणि गंमत म्हणजे त्याच्या उदाहरणांत हंस आहे. बीगल जहाजावरून १८३३ आणि १८३४ साली तो फॉकलंड बेटांवर उतरला. तिथले डोंगरी हंस गवताळ माळावर राहतात. पुढे १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये, आपल्या सिद्धांतापुढच्या अडचणींची चर्चा करणाऱ्या सहाव्या प्रकरणात, त्याने मुद्दा मांडला: पडद्याचे पाय पोहण्यासाठीच, हे किती उघड वाटतं! तरीही असे पाय असलेले काही हंस पाण्याकडे क्वचितच फिरकतात. तिथेच उलट्या बाजूचं उदाहरण डिपर या पक्ष्याचं आहे. हा ओढ्याकाठचा लहानसा पक्षी वाहत्या पाण्यात शिरून तळाशी भक्ष्य शोधतो. पण मेलेला डिपर टेबलावर ठेवून कितीही बारकाईने तपासला तरी ही सवय कुणाच्या लक्षात येणार नाही, असं डार्विन म्हणतो. म्हणजे पाय आहेत पण पोहणं नाही, आणि बुडी आहे पण शरीरावर तिची खूण नाही.

हे प्रकरण मी दर वर्षी एकदा वाचते. तुम्हीही वाचा. ‘ओरिजिन’ न वाचता त्यावर बोलणारे खूप भेटतील, त्यांच्यात भर नको.

डार्विनच्या काळातला पक्षिअभ्यास प्रामुख्याने मेलेल्या पक्ष्यांचा होता, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. बंदुकीने पाडायचा, कातडी सोलायची, भुसा भरायचा, चिठ्ठी बांधायची, कपाटात ठेवायचा. या पद्धतीने जगभरातल्या पक्ष्यांची नावं आणि वर्गवारी लागली, हे ऋण नाकारता येणार नाही. पण कपाटातला हंस आंघोळ करत नाही.

जिवंत पक्ष्याकडे लक्ष वळवणाऱ्यांत ऑस्कर हाइनरोथ हे नाव मोठं आहे. हा बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात काम करायचा. १९१० साली बर्लिनला पाचवी आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषद भरली, तिथे त्याने बदकं, हंस आणि स्वान या कुळाच्या वागणुकीवर निबंध वाचला. तो १९११ मध्ये छापून आला. हंसांची जोडी शत्रूला हुसकावून आल्यावर माना पुढे काढून एकमेकांसमोर जो जल्लोष करते, त्याला ‘विजयाचा आरडाओरडा’ अशा अर्थाचं नाव त्यानेच दिलं. त्याची पत्नी मागडालेना हिने आणि त्याने मिळून राहत्या घरात शेकडो पक्षी अंड्यापासून वाढवले. घराची काय अवस्था होत असेल, याचा विचार मी अनेकदा करते. हाइनरोथची दृष्टी साधी होती: पंख आणि चोच जशी जातीची ओळख सांगतात, तशा हालचालीही सांगतात, तेव्हा त्याही तितक्याच काळजीने नोंदवायच्या.

ही दृष्टी पुढे कोनराड लॉरेन्झने उचलली आणि जगभर नेली. अंड्यातून बाहेर आल्याबरोबर पिल्लू ज्याला पाहतं त्यालाच आई मानतं, हे त्याचं कलहंसांवरचं काम तुम्हाला पाठ असेल. १९७३ च्या नोबेलमध्येही तो वाटेकरी होता. त्याचा नाझी काळातला राजकीय इतिहास हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे आणि ती पोस्ट मी लिहिणार आहे. इथे सांगायचं ते हे, की हा माणूस ऑल्टनबर्गला डॅन्यूब नदीत आपल्या हंसांबरोबर स्वतः पोहायचा. काठावर दुर्बीण लावून बसणारा आणि गळाभर पाण्यात हंसाशेजारी पोहणारा, या दोघांना दिसणारा हंस सारखा असेल का?

मात्र माझ्या खोडलेल्या ओळीचं खरं उत्तर मला सापडलं ते फ्रँक मॅककिनीच्या निबंधात. १९६५ साली ‘बिहेविअर’ या नियतकालिकात आलेला हा निबंध शंभर पानांचा आहे आणि त्याचा विषय म्हणजे या कुळातल्या पक्ष्यांच्या अंगझाडीच्या हालचाली: आळस देणं, अंग झटकणं, पिसं साफ करणं, खाजवणं, आंघोळ. एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर शंभर पानं! आंघोळीच्या हालचालींना त्यात रीतसर नावं आहेत. डोकं बुडवणं, पंख आपटणं, कोलांटी, आणि शेवटी एक जोडशब्द, ज्याचं मराठी मी ‘धाव-बुडी’ असं करते. पक्षी पाण्यावरून एकदम मुसंडी मारतो, बुडतो, वर येतो, पुन्हा मुसंडी मारतो. एकाने सुरू केलं की हे वेड थव्यात पसरतं. मी नाथसागरावर पाहिलं ते याच जातकुळीतलं. मी पाहायच्या कितीतरी आधी त्याला नाव मिळालं होतं. मी ‘हंस’ आणि ‘बुडी’ हे शब्द टाकून शोधत होते, आणि माहिती ‘आंघोळ’ या शब्दाखाली पडून होती. शोधताना कोणता शब्द टाकलात, असं मी का विचारते ते आता कळलं असेल.

आंघोळीतली बुडी झाली. पण दुसरी एक बुडी आहे, आणि ती जिवावरची आहे.

बहुतेक पक्षी पंखांतली मोठी पिसं एक-एक करून टाकतात, त्यामुळे त्यांचं उडणं थांबत नाही. हंस ती सगळी एकदम टाकतो. मग नवी पिसं येईपर्यंत साधारण तीन ते पाच आठवडे त्याला अजिबात उडता येत नाही. हे घडतं उन्हाळ्यात, उत्तरेकडे, बहुधा पिल्लं वाढत असतानाच. म्हणजे आई, बाप आणि पिल्लं असं सगळं कुटुंब एकाच वेळी जमिनीला खिळलेलं. कोल्हा आला तर पाण्याकडे धाव घ्यायची. पाण्यातही पाठलाग झाला, होडी अगदी जवळ आली किंवा वरून गरुड आला, तर उरतो एकच मार्ग. तेव्हा हंस बुडी मारतो. तो पाणडुबी नव्हे. थोड्याच वेळात त्याला वर यावं लागतं. पण शिकाऱ्याचा नेम चुकवायला तेवढं पुरतं. पिल्लं तर मोठ्यांपेक्षा सहज बुडतात.

हे पाहणारे लोक कोण होते? ध्रुवीय किनाऱ्यांवरचे रहिवासी. हंस उडू शकत नाहीत तेच आठवडे त्यांच्यासाठी वर्षाच्या बेगमीचे. ऑबिन ट्रेव्हर-बॅटी नावाचा इंग्रज निसर्गप्रेमी १८९४ साली बॅरंट्स समुद्रातल्या कोलगुयेव्ह बेटावर अडकून पडला आणि तिथल्या सामोयेद लोकांबरोबर राहिला. आज या लोकांना नेनेत्स म्हणतात. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या पुस्तकात हंसांच्या हाक्याचं वर्णन आहे. होड्यांनी सावकाश घेरत, हाकत, हंसांना जाळ्यात आणायचं. एका हाक्यात तीन हजारांहून जास्त पक्षी! असा हाका करणाऱ्या माणसाला घाई करून चालत नाही. हंस बिथरले की फुटतात, बुडतात, होडीच्या मागे निघतात. पिढ्यान् पिढ्या हे काम करणाऱ्याला ‘हंस बुडी मारतो का?’ असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नाचंच हसू आलं असतं. पण त्याला विचारायला पक्षिशास्त्राची परिषद कोलगुयेव्हला भरत नव्हती.

हीच युक्ती पुढे विज्ञानानेही उचलली. १९५१ मध्ये पीटर स्कॉट, जेम्स फिशर आणि त्यांचे साथीदार आइसलंडच्या मध्यभागी थ्योर्सार्वेर या पाणथळ प्रदेशात घोड्यांवरून गेले. न उडणारे गुलाबी पायांचे हंस जाळ्यात हाकले आणि हजाराहून जास्त पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या. तिथे त्यांना दगडी कोंडवाड्यांचे जुने अवशेष दिसले. आइसलंडचे लोक शतकांपूर्वी याच जागी, याच दिवसांत, याच रीतीने हंस गोळा करत होते.

म्हणजे बघा. इंग्लंडमधल्या दलदलीत किंवा आपल्या धरणावर हंस पाहणाऱ्याच्या वाट्याला हिवाळ्यातला, धडधाकट पंखांचा हंस येतो. धोका दिसला की तो उडतो. त्याला बुडायचं कारणच नाही. पट्टकादंब तर मंगोलिया, तिबेट आणि फार तर लडाखमधल्या त्सो मोरिरीसारख्या तलावांवर पिसं टाकून, नवी पिसं घेऊन मग आपल्याकडे येतो. पावसाळा आला की हंस मानस सरोवराकडे निघतात, हे संस्कृत कवींना ठाऊक होतं. तिथे जाऊन ते महिनाभर पायउतार होतात, हे मात्र काव्यात येत नाही. आपण वर्षातले नेमके चुकीचे महिने पाहतो आणि त्यावरून बारा महिन्यांचा नियम करतो.

या चुकीची एक भन्नाट जुनी आवृत्ती आहे. बार्नॅकल हंस युरोपात हिवाळ्यात येई, पण त्याचं घरटं कुणी पाहिलेलं नव्हतं. मग बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डने आयर्लंडवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की हे पक्षी समुद्रातल्या लाकडांना चिकटणाऱ्या शिंपल्यांतून जन्मतात, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय! पक्षी मांसाचा नसल्यामुळे तो उपवासाला चालतो, असं मानणारे धर्मगुरूही होते. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तशी लाकडं मागवली, शिंपले तपासले, त्यात पक्ष्यासारखं काहीच सापडलं नाही. त्याने काढलेला निष्कर्ष मला फार आवडतो: हे पक्षी दूर कुठेतरी अंडी घालत असणार, आणि ती जागा माहीत नसल्यामुळे लोकांनी ही गोष्ट रचली. पुढे १५९६ मध्ये बॅरंट्सच्या डच मोहिमेला स्पिट्सबर्गनला याच कुळातल्या ब्रेंट हंसांची अंडी आणि घरटी सापडली. तरीही शिंपल्यांची गोष्ट लगेच मेली नाही. ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ हे वाक्य जेराल्डकडेही होतं आणि माझ्याकडेही होतं, ही गोष्ट मला जरा अस्वस्थ करते. फरक एवढाच, की शिंपला फोडून बघता येतो आणि फ्रेडरिकने तो फोडला.

‘नाही’ म्हणणाऱ्या वाक्याची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, थोडं विषयांतर झालं तरी. कॅनडा हंसाची सर्वांत मोठी उपजात नामशेष झाली, असं विसाव्या शतकाच्या मध्यावर तज्ज्ञ धरून चालले होते. १९६२ च्या जानेवारीत हॅरल्ड हॅन्सन हा संशोधक मिनेसोटातल्या रॉचेस्टर शहरात काही हंसांची वजनं घ्यायला गेला. तलाव भर शहरात, लोक रोज पाव टाकायला येणारे. वजनं इतकी जास्त भरली, की मंडळींना वाटलं काटाच बिघडलाय. दुकानातून साखर आणि पिठाच्या पिशव्या आणून काटा तपासला. काटा बरोबर होता. नामशेष झालेला हंस सगळ्या शहरासमोर पाव खात होता.

पिशव्या आणून काटा तपासणं आणि वहीतली ओळ खोडणं, या दोन्हींची सुरुवात एकाच जागी होते: ‘असं असू शकत नाही.’ हॅन्सनच्या गटाने शंका आपल्या काट्यावर घेतली, तपासली आणि आकडा ठेवला. मी शंका आपल्या डोळ्यांवर घेतली, तपासली नाही आणि आकडा फेकला. त्या गृहस्थांचं म्हणणं समासात लिहून ठेवता आलं असतं: ‘अमुक यांच्या मते पाणकावळा.’ मग दोन्ही मतं शिल्लक राहिली असती. जुन्या वह्यांमध्ये अशी समासातली भांडणं भरपूर सापडतात आणि प्रबंधासाठी मला तीच सर्वांत उपयोगी पडली आहेत. नीटनेटक्या वह्यांनी फारसं काही दिलं नाही.

तेव्हा ‘संशोधन झालेलं नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी तीन गोष्टी करून बघा. एक तर क्रियापद फोडा. बुडी म्हटलं तर अन्नासाठी, आंघोळीसाठी की जीव वाचवायला? तुमच्या विषयातही असं एखादं क्रियापद असणारच. मग बघा, की ज्यांनी ‘नाही’ म्हटलं ते कोणत्या ऋतूत, कोणत्या काठावर उभे होते. आणि ज्यांचा त्या गोष्टीवर पोटापाण्याचा संबंध आहे अशा माणसांना कुणी विचारलंय का, ते शोधा. त्यांचं ज्ञान बहुधा तुमच्या विषयाच्या नियतकालिकात नसतं, प्रवासवर्णनात, कर वसुलीच्या दप्तरात किंवा शिकारीच्या आठवणींत पडलेलं असतं. एवढं करूनही पोकळी उरली, तर वाक्य बेलाशक लिहा, फक्त कुठे कुठे शोधलं ते सोबत लिहा. गाईड ते खोडायला सांगतील कदाचित. खोडलंच तर एकच रेघ मारा.

या जानेवारीत मी पुन्हा नाथसागरावर गेले होते, एकटीच. सकाळी आठ ते साडेदहा बसले. पट्टकादंबांचा थवा होता, चौदा पक्ष्यांनी आंघोळ केली, दोघांनी कोलांटी मारली. पूर्ण पाण्याखाली एकही गेला नाही. वेळेसकट ते वहीत लिहिलंय.